आधी देशकाल, मग संकल्प

पूजेला बसलं की गुरुजी उजव्या हातावर पळीभर पाणी घ्यायला लावतात आणि देशकाल उच्चारायला सुरुवात करतात. आधी गोदावरीचं दक्षिण तीर. मग शालिवाहन शके अमुक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. एवढं सगळं झाल्यावर काय करणार ते, आणि तेसुद्धा ‘यथाशक्ति, यथाज्ञानेन, यथामिलितोपचारद्रव्यैः’. अंगात जेवढी ताकद, डोक्यात जेवढं ज्ञान आणि घरात जे साहित्य जमलं असेल, त्यात. शेवटी हातातलं पाणी ताम्हनात सोडायचं. संकल्प झाला.

श्रद्धा असो वा नसो, या क्रमाकडे एकदा नीट बघावं. कुठे उभे आहोत, कोणत्या वेळी उभे आहोत, कोण आहोत, जवळ काय आहे, हे आधी. काय करणार, हे नंतर. दाते पंचांग ज्या शहरात तयार होतं त्या आपल्या सोलापुरात हा क्रम कुणाला नवा नाही. तरी १ जानेवारीचे आपले संकल्प मात्र थेट शेवटाकडून सुरू होतात. दहा किलो वजन कमी, पहाटे चारला उठणं, नव्वद टक्के, सरकारी नोकरी. यात तिथी नाही, वार नाही, गाव नाही, माणूसही नाही. हे संकल्प कुणीही, कुठेही, कुणासाठीही लिहू शकेल. संक्रांतीपर्यंत ते विरतात आणि आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. मला हे निदान चुकीचं वाटतं. संकल्प मोडतात ते मनाच्या दुबळेपणामुळे कमी आणि देशकाल न बघितल्यामुळे जास्त.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवते. दर जानेवारीच्या पहिल्या तासाला मुलांकडून एका कागदावर वर्षाचा संकल्प लिहून घेते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने लिहिलं होतं, ‘रोज पहाटे चार वाजता उठून अभ्यास करणार.’ तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जायचा, हे मला माहीत होतं. रात्री बारा वाजता सुटायचा, घरी पोहोचून जेवेपर्यंत एक. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, एक वाजता झोपून चारला कसा उठणार? तो खाली बघत म्हणाला, ‘मॅडम, सगळे पहाटंच लिव्हतात की.’

त्या दिवशी मी सगळे कागद पुन्हा वाचले. निम्म्याहून जास्त कागदांवर पहाट होती. एका मुलीने तर पूर्ण वेळापत्रक आखलं होतं. कॉलेज, क्लास, दहा तास अभ्यास, योगासनं, इंग्रजी वाचन, आईला स्वयंपाकात मदत, सहा तास झोप. बेरीज केली तर दिवस अठ्ठावीस तासांचा झाला. जी मुलगी तेरजेत, म्हणजे ट्रायल बॅलन्समध्ये, एक रुपयाचा फरक आला तरी रात्र रात्र शोधत बसते, तिने स्वतःच्या दिवसाची बेरीज केलीच नव्हती. कारण संकल्पाची बेरीज करायची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मी तरी कुठे केली होती? लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझा एकच संकल्प होता. रोज पहाटे साडेपाचला कंबर तलावाकडे फिरायला जायचं. दर वर्षी तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मोडायचा आणि दर वर्षी मला स्वतःचा राग यायचा. एकदा घर आवरताना जुन्या दिनदर्शिका सापडल्या. सासूबाई त्यावर दुधाचे खाडे मांडायच्या आणि नळाला पाणी आलं त्या तारखेला ‘पा’ लिहायच्या. त्याच पानांवर मी फिरायला गेले त्या दिवसांच्या माझ्या खुणा होत्या. दोन्ही एकत्र बघितल्या आणि उलगडलं. माझा पहिला खाडा दर वर्षी ‘पा’च्या तारखेला पडलेला होता. ज्या घरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे पाण्याचा दिवस हा वेगळाच वार असतो. पहाटे मोटार लावायची, टाकी, पिंप, कळश्या, पिण्याचं गाळून वेगळं ठेवायचं, साठलेली धुणी काढायची. त्या दिवशी घरातली बाई तलावावर जात नाही. सोलापुरातल्या कोणत्याही बाईला हे सांगावं लागणार नाही. मी मात्र हे माहीत असूनही ‘रोज’ असं लिहीत होते. ज्या शहरात पाणीच रोज येत नाही तिथे ‘रोज’ हा शब्द जपून वापरायला हवा.

पण एक दिवस चुकला म्हणून संकल्प का मोडावा? दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. मी जात नव्हते, कारण खाडा पडला की ‘आपल्याला जमत नाही’ हा निकाल मनात लागलेला असायचा. मग पुढच्या एक तारखेपासून, मग गुढीपाडव्यापासून. या निकालाला मुळात काही आधारच नाही, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि त्याची रोज नोंद ठेवली. २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला, पण माणसागणिक आणि सवयीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज). आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, असं त्यांना दिसलं. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य प्रत्येक व्याख्यानात ऐकायला मिळतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधल्या एका निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याने म्हटलं होतं. त्यातला ‘निदान’ गळून पडला, चेहरा गळून पडला, आणि उरलेल्या आकड्यावर आपण मुलांना जोखू लागलो. बाविसाव्या दिवशी कंटाळा आलेला मुलगा समजतो की दोष आपल्यातच आहे.

टिकणाऱ्यांचं प्रमाण कमी असतं, हेही खरं आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञाने नव्या वर्षाचे संकल्प करणाऱ्या २०० जणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. आठवड्याभराने ७७ टक्के टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. म्हणजे हे आपल्याच गावात घडतं असं नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. परिस्थितीकडे बोट दाखवायला शिकवलंत तर पोरं हातपाय हलवणार नाहीत, असं सहकारी म्हणतात. या आक्षेपाचं उत्तर मला आमच्या गल्लीतल्या एका अक्कांकडे मिळालं.

अक्का विडी वळतात. घरचं बोलणं तेलुगू, आमच्याशी मराठी. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली तेंदूची पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान डाव्या हातात, उजव्या हाताने चिमूट, एक वळसा, तोंड मुडपायचं, दोऱ्याचा वेढा, की ती सुपात पडते आणि पुढचं पान हातात आलेलं असतं. बोलताना त्या खाली बघत नाहीत. पंचवीस विड्यांची एक जुडी, अशा चाळीस जुड्या म्हणजे हजार. मजुरी हजारावर. आपला हात तासाला किती वळतो, थंडीत किती कमी वळतो, डोकं दुखत असलं तर किती, हे त्यांना पक्कं माहीत आहे. मी एकदा म्हटलं, अक्का, अजून शंभर वाढवता येतील का? त्यांनी मान हलवली. ‘हात सांगतो ना किती ते. तोंडानं बोलून काय होतंय?’

त्यांना विडी सोडून शिवणकाम करायचं होतं. रोज एक तास मशीनवर बसेन, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही, कारण पान आलेल्या दिवशी हजार पुरे करायचे असतात आणि त्या दिवशी एक तास उरत नाही, हे त्या जाणून होत्या. पण कारखान्यातून पान मिळत नाही असेही दिवस असतात. बाकीच्या बायकांसाठी तो नुसता बुडालेल्या मजुरीचा दिवस. अक्कांनी ठरवलं होतं, ‘पान आलं नाही की मशीनवर बसायचं.’ एवढंच वाक्य. पहिल्या वर्षी पिशव्या आणि परकर, दुसऱ्या वर्षी ब्लाउज. मधे दोन महिने पान सलग येत राहिलं, तेव्हा मशीन झाकून ठेवलेलं होतं आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पान थांबलं, झाकण निघालं.

पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये नेमकी हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. ‘मी अमुक साधणार’ एवढंच म्हणणाऱ्यांपेक्षा ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करणार’ असं आधीच ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून काम जास्त तडीस जातं. अक्कांनी त्यात एक पायरी पुढची टाकली होती. त्यांनी निवडलेला प्रसंग वाईट दिवसाचा होता. आपण संकल्प करतो ते चांगल्या दिवसावर भरवसा ठेवून. वेळ मिळाला, अंगात उत्साह असला, पैसे उरले, पाहुणे आले नाहीत, तर. अशा दिवसांवर वर्ष निघत नाही. परिस्थिती मोजणं आणि परिस्थितीचं रडगाणं गाणं यातला फरक अक्कांच्या त्या एका वाक्यात आहे, आणि मला तो कोणत्याही कार्यशाळेत इतका स्वच्छ दिसलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वास्तववादी व्हा म्हणजे छोटं बघा, असंच ना? गरिबाने गरिबाएवढंच मागावं, असं? मुळीच नाही. सोलापूरइतकं ठोस उत्तर याला दुसरं कुठलं शहर देऊ शकेल असं मला वाटत नाही. शहराजवळच्या कुंभारीला जाऊन बघा. झोपडपट्टीत, भाड्याच्या एका खोलीत विड्या वळणाऱ्या बायकांनी स्वतःच्या घराचा संकल्प केला, तोही एकेकीने नव्हे, दहा हजार जणींनी मिळून. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली मोर्चे निघाले, सोलापुरापासून मुंबई-दिल्लीपर्यंत खेटे झाले, आणि २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरं उभी होती. मग त्याहून मोठा आकडा धरला. तीस हजार घरांचं रे नगर. त्यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, चालक. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण झालं. राजकारण कुणाचं का असेना, हिशेब बघा. केंद्राचं अनुदान किती, राज्याचं किती, बाईचा स्वतःचा वाटा किती, हे मांडलेलं होतं. मोठं आणि वास्तववादी यांच्यात वैर नाही. न मोजलेलं आणि वास्तववादी यांच्यात आहे. चाळीस जुड्या मोजणाऱ्या बायकांना तीस हजारांची छाती झाली, याचं मला नवल वाटत नाही.

आता संकल्पाच्या शेवटच्या कृतीकडे येते, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. हातातलं पाणी सोडायचं. आपल्या भाषेत ‘पाणी सोडणं’, ‘उदक सोडणं’ याचा अर्थच एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडणं असा आहे. नवं काही धरायचं तर हात आधी रिकामा करावा लागतो. आपले संकल्प नुसते जमेच्या बाजूचे असतात. नावेच्या बाजूला काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. अर्धा तास व्यायाम, पण तो अर्धा तास कशातून काढणार? झोपेतून, मोबाइलमधून, की बायकोच्या अंगावर पडणाऱ्या जादा कामातून? तिसऱ्या प्रकारचे संकल्प मी पुष्कळ बघितले आहेत. नवरा पहाटे फिरायला जातो आणि पाण्याच्या दिवशी मोटारीपाशी बाई एकटी असते. तो संकल्प त्याचा, पाणी सोडलेलं तिच्या वेळेवर.

आणि ज्यांच्या बाबतीत हे पाणी सोडणं सगळ्यात अवघड असतं, त्या मुलांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. शहरात जागोजागी अभ्यासिका झाल्या आहेत. सकाळी सातला पाठीवर सॅक घेऊन शिरणारी, रात्री दहाला बाहेर पडणारी ही मुलं कमालीची कष्टाळू आहेत. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याहून आलेली. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत असतात आणि अर्ज लाखांत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी दर जानेवारीला संकल्प तोच असतो. या वर्षी पोस्ट काढायचीच. निकाल हा कुणाच्याच हातात नसतो. रोजचे तास, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, स्वतः तपासलेल्या चुका, एवढं हातात असतं. पण मला त्याहून अवघड गोष्ट सुचवायची आहे. संकल्पाच्या कागदावर थांबायची तारीखही लिहा. किती प्रयत्न करणार, त्यानंतर काय करणार, आणि ते दुसरं काम शिकायला आठवड्यातले किती तास आजपासून देणार. तारीख लिहिल्याने जिद्द कमी होते, असं म्हणणारे लोक बहुधा स्वतः त्या खुर्चीवर बसलेले नसतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी सातव्या वर्षी मला भेटली, तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, सोडायचं कधी हे मला कुणी सांगितलंच नाही. सोडलं असतं तर सगळे म्हणाले असते, हरली.’ ती हुशार होती, अजूनही आहे. सात वर्षं तिच्या हातावर पाणी तसंच होतं आणि ते सोडायला परवानगी देणारा एकही शहाणा माणूस तिच्या भोवती नव्हता. ही परवानगी घरच्यांनी द्यायची असते, शिक्षकांनी द्यायची असते, आणि यशस्वी मुलांचे फोटो फलकावर लावणाऱ्या क्लासवाल्यांनीही. जे निवडले गेले नाहीत ते पुढे काय करतात, याचा एक तरी फलक चौकात लागायला हवा.

म्हणूनच हा प्रश्न मला खासगी वाटत नाही. पहाटेचा सूर्योदय आणि खाली एक वाक्य, अशी चित्रं १ तारखेला सगळ्यांच्या मोबाइलवर येतात आणि यशापयशाचं सगळं ओझं एकट्या माणसावर टाकतात. पाळ्या कोण ठरवतं, पाणी किती वाजता येणार हे आदल्या दिवशी कळतं का, बायकांना चालायला उजेड असलेला रस्ता आहे का, संध्याकाळी सातनंतर वाचनालय उघडं असतं का? हे देशकालाचे भाग आहेत आणि ते एकट्याने बदलता येत नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीवर शहराने किती वर्षं आशा लावली, हेही सगळ्यांना माहीत आहे. धरणापासून मोठी वाहिनी आणली की रोज पाणी, एवढा तो हिशेब सरळ नव्हता. शहरातल्या टाक्या, गल्लीतल्या जुन्या वाहिन्या, शेवटच्या घरापर्यंतचा दाब, हे त्यातच धरायला हवं होतं. शहराचा संकल्पही आधी देशकाल आणि मग बाकीचं, या क्रमानेच करावा लागतो. अंदाजपत्रक मांडणाऱ्यांकडून नागरिकांनी ‘रोज पाणी’ असा मोघम शब्द घेऊ नये. कोणत्या पेठेत, किती दिवसांआड, कोणत्या महिन्यापासून, आणि त्यासाठी कोणत्या कामावर पाणी सोडणार, असं विचारावं.

तारखेबद्दल थोडं. मंगळवेढ्याचा शेतकरी ज्वारी पेरताना भिंतीवरची तारीख बघून तिफण जुंपत नाही. काळ्या रानात वापसा आला का, हे तो मातीचं ढेकूळ हातात चुरून बघतो. फार ओल असली तर थांबतो, उडून जायला लागली तर घाई करतो. १ जानेवारीला तुमच्या रानात वापसा असेलच असं नाही. सोलापुरात तर त्या पंधरवड्यात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. घरी पाहुणे, यात्रेत घालायच्या बाराबंद्या धुऊन इस्त्री करणं, भोगी, संक्रांत, नंदीध्वजांची मिरवणूक, लेकरांना गड्ड्यावर नेणं. हे सगळं मनापासून करावं, ते आपलंच आहे. संकल्प त्यानंतर सुरू झाला तर वर्ष कुठे पळून जात नाही.

मी आता मुलांना कोरा कागद देत नाही. चार रकाने आखून देते. आठवडाभराचे तास खरोखर कुठे जातात, जवळ काय आहे, काय करणार, काय सोडणार. पहिला रकाना भरायला सात दिवस लागतात, म्हणून कागद मी जानेवारीच्या शेवटी गोळा करते. टॉवेलच्या कारखान्यात जाणाऱ्या त्या मुलाने त्या वर्षी माझ्यासाठी हा कागद पुन्हा भरला होता. कॉलेज साडेबाराला सुटतं, पाळी चारला लागते. मधल्या वेळात जेवण, सायकलने एमआयडीसी, आणि दीड ते अडीच कॉलेजच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलावर. पाळी बदलली तर सकाळचा एक तास, कोणता तेही लिहिलं होतं. चौथ्या रकान्यात, काय सोडणार याच्यापुढे, त्याने एकच शब्द लिहिला होता: पहाट.